मुलीसाठी पॉलिसी, भिशी की सुकन्या? पाच हजार कुठे लावायचे

प्रश्न: आम्ही नाशिकला सिडकोत भाड्यानं राहतो. मिस्टर ३१ वर्षांचे, मी २८, मुलगी चौदा महिन्यांची. दोघंही अंबड एमआयडीसीत, वेगवेगळ्या कारखान्यांत. हातात येणारा पगार त्यांचा ४४,००० आणि माझा १८,०००. बाइकचा ४,३०० चा हप्ता या महिन्यात संपतोय. चुलत सासरे विमा एजंट आहेत. मुलीच्या शिक्षणासाठी वर्षाला ६०,००० ची पॉलिसी घ्या म्हणतात. १५ वर्षं भरायचे, २० वर्षांनी साडेसतरा लाख मिळतील, विमा मिस्टरांचा सहा लाखांचा. शिवाय टॅक्स वाचेल म्हणतात. मिस्टरांना कंपनीतल्या मित्रांबरोबर ५,००० ची भिशी लावायचीय. मला सुकन्या समृद्धी, म्हणजे मुलींसाठीची सरकारी बचत योजना, बरी वाटते. काका रविवारी फॉर्म घेऊन येणार आहेत. खात्यात ३८,००० आहेत, क्रेडिट कार्डावर २७,००० बाकी आहे. हिशेबाप्रमाणे महिन्याला ९,१०० उरायला हवेत, पण पगाराच्या आधी खातं रिकामंच असतं.

उत्तर: ताई, रविवारी त्या फॉर्मवर सही करू नका. पाच हजारांची भिशीही आत्ता नको. सुकन्याचं खातं जरूर उघडा, पण सुरुवात महिना एक हजारानं करा. तुमच्या घराला आज सगळ्यात जास्त गरज आहे ती लगेच हाताशी येईल अशा पैशाची, आणि तिन्ही पर्यायांपैकी एकातूनही तो मिळत नाही.

आधी ते ९,१०० शोधू. तुम्ही लिहिलेले खर्च असे: भाडं ११,५००, किराणा-दूध-भाजी-गॅस १३,५००, बाळाचं ४,५००, पाळणाघर ५,०००, लाइटबिल-मोबाइल-इंटरनेट २,६००, पेट्रोल ४,०००, गावी सासू-सासऱ्यांना ५,०००, बाइकचा हप्ता ४,३००, फोनचा हप्ता आणि कार्डाची किमान रक्कम मिळून २,५००. बेरीज ५२,९००. यात दिवाळी कुठे आहे? दोन्ही गाड्यांचा विमा आणि सर्व्हिसिंग? लग्नसराईतले आहेर, गावी जाण्यायेण्याचं भाडं, कपडे, बाळाचं जावळ? हे खर्च दर महिन्याला येत नाहीत म्हणून यादीत येत नाहीत, पण वर्षभरात येतातच. तुमच्यासारख्या घरात ही रक्कम मी वर्षाला ४८,००० तरी धरतो, म्हणजे महिन्याला ४,०००. आजवर हा खर्च बहुधा कार्डावर गेला आणि तिथेच २७,००० साचले. म्हणजे तुमची खरी शिल्लक ९,१०० नसून पाच हजारांच्या आसपास आहे. काकांची पॉलिसी बरोबर तेवढीच रक्कम उचलणार. मग पुढच्या दिवाळीला पुन्हा कार्ड निघेल.

आता त्या कार्डाचं. बाकी रकमेवर महिन्याला साधारण साडेतीन टक्के व्याज लागतं, वर्षाला ४२ टक्क्यांच्या घरात. २७,००० वर महिन्याचं व्याज ९४५ रुपये, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे अकराशेच्या वर. तुम्ही भरता ती किमान रक्कम जवळजवळ पूर्ण व्याजातच जाते, मुद्दल हलत नाही. शिवाय बाकी ठेवली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. खात्यातल्या ३८,००० पैकी २७,००० आजच भरून टाका. खात्यात अकराच हजार राहिले म्हणून भीती वाटेल, मला कल्पना आहे. पण बचत खात्यात तीन टक्केसुद्धा न मिळणारे पैसे ठेवून दुसरीकडे बेचाळीस टक्के भरत राहणं हा रोजचा तोटा आहे, आणि तुमच्या सगळ्या कागदांत मला सगळ्यात जास्त टोचला तो हाच आकडा.

पॉलिसीचा हिशेब करून पाहिला. दर वर्षी ६०,००० प्रमाणे १५ वर्षं भरून विसाव्या वर्षाअखेरीला साडेसतरा लाख म्हणजे वर्षाला साधारण पाच टक्के. त्यातही बोनस दर वर्षी जाहीर होतो, त्यामुळे साडेसतरा हा अंदाज आहे, हमी नाही. आणि विमा सहा लाखांचा. देव न करो, पण मिस्टरांना काही झालं तर सहा लाखांत तुमचं घर जेमतेम वर्षभर चालेल. तेव्हा मुलगी कदाचित बालवाडीतही गेलेली नसेल.

टॅक्सचा मुद्दा तर तुम्हाला लागूच होत नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य आहे, पगारदारांना ७५,००० ची प्रमाणित वजावट धरली तर पावणेतेरा लाखांपर्यंत. तुमच्या दोघांचेही पगार त्याच्या खूप खाली आहेत. जो कर भरावाच लागत नाही तो वाचवण्यासाठी वीस वर्षं पैसे अडकवायचं काही कारण नाही.

काकांना नाही म्हणणं अवघड आहे. घरातलं माणूस, वयानं मोठं, रविवारी चहाला येणार. म्हणून त्यांना नुसता नकार देऊ नका, काम द्या. म्हणा, "काका, आम्हाला आधी टर्म विमा घ्यायचाय, तुम्हीच काढून द्या." मिस्टरांच्या वयाला, व्यसन नसेल तर, साठीपर्यंतच्या ७५ लाख ते एक कोटीच्या टर्म विम्याला महिना हजार-बाराशेच्या आसपास लागतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही गेला आहे. काही झालं नाही तर टर्म विम्यात पैसे परत मिळत नाहीत, हे काका सांगतील, आणि ते खरंही आहे. पण सहा लाख आणि पाऊण कोट यातला फरक ज्या दिवशी लागतो, त्या दिवशी फक्त तोच लागतो. फॉर्ममध्ये तंबाखू-सिगारेट आणि जुनी आजारपणं लपवू नका. दावा अडतो तो इथेच.

हे उत्तर तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत मिस्टरांनी सही करून दिलीच असेल, तरी घाबरू नका. पॉलिसीची कागदपत्रं हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, किरकोळ खर्च वजा होऊन पैसे मिळतात. वर्षानंतर मोडलीत तर नव्या नियमांमुळे काही रक्कम सुटते, पण भरली त्यापेक्षा कमी.

भिशीबद्दल मला आकस नाही. कितीतरी घरांतला पहिला फ्रीज, पहिलं मंगळसूत्र भिशीतून आलंय. दर महिन्याला चार माणसांसमोर पैसे मोजावे लागतात, त्यामुळे शिस्त आपोआप लागते. अडचण अशी की बाळाला रात्री ॲडमिट करावं लागलं तर तुमचा नंबर लागायला अजून सात महिने असू शकतात. आणि १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली नोंदणी नसलेल्या भिशीत कुणी नोकरी सोडून गावी निघून गेलं, तर उरलेल्यांनी कुणाकडे मागायचं? मित्रांमध्ये वाईटपणा येतो तो वेगळाच. मिस्टरांना शिस्त हवी असेल तर ती बँकेच्या आवर्ती ठेवीतही (आरडी) मिळते: पगार सात तारखेला होतो ना, मग हप्ता आठ तारखेला आपोआप कापला जाऊ द्या.

हा आवर्ती ठेवीतला पैसा म्हणजे तुमचा अडीअडचणीचा फंड. बाइकचा आणि फोनचा हप्ता सोडला तर तुमचं घर महिन्याला साधारण ४६,००० त चालतं. तीन महिन्यांचे म्हणजे सुमारे १ लाख ४० हजार रुपये उभे राहीपर्यंत दुसरी कुठलीही मोठी गुंतवणूक नको. बहिणीची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम) पाहून तुम्हालाही वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. तिचं बरोबर असेल, पण तुमचा नंबर या फंडानंतर. बाजार पडलेला असताना पैशाची गरज लागली तर तोट्यात विकावं लागतं, आणि पहिलाच अनुभव तसा आला की लोक पुन्हा कधी त्या वाटेला जात नाहीत.

बँक निवडताना एक बघा. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँक असली तरी, प्रत्येक ठेवीदारामागे एका बँकेत पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवींना तो नसतो. कॉलनीतली पतसंस्था एक-दीड टक्का जास्त देते म्हणून अडीअडचणीचा पैसा तिथे ठेवू नका.

दवाखान्याचं. मिस्टरांच्या कंपनीचा दोन लाखांचा मेडिक्लेम आहे म्हणता, तो नोकरीबरोबर संपतो. तुमच्या स्वतःच्या पगारपत्रकावर ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) कपात आहे का, ते बघितलंय का? तुमचा एकूण पगार २१,००० च्या आत असेल आणि कारखाना या योजनेत असेल, तर पगारातून ०.७५ टक्के, म्हणजे दीडशेच्या आसपास, कापले जात असतील. त्यावर तुमच्याबरोबर नवरा आणि मुलगी यांनाही उपचार मिळतात. सातपूरला कामगार विम्याचं रुग्णालय आहे. पुष्कळ जणी वर्षानुवर्षं हे पैसे भरतात आणि घरच्यांची नावंही जोडून घेत नाहीत. एचआरला विचारा, कार्ड काढा, दोघांची नावं चढवा. तरीही तिघांचा पाच लाखांचा स्वतंत्र फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराचा मिळून एकच आरोग्यविमा, घ्यावा असं माझं मत आहे, कारण तुमचा पगार २१,००० च्या वर गेला की ईएसआय सुटतं. वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास लागतील. मासिक हप्त्यानं भरायची सोय बऱ्याच कंपन्या देतात.

सुकन्याबद्दल तुमचा अंदाज बरोबर आहे. जानेवारी २०२४ पासून दर ८.२ टक्के आहे. तो सरकार दर तिमाहीला ठरवतं, त्यामुळे २१ वर्षं हाच राहील असं धरू नका. तरी तुलना करून बघा: तेच वर्षाला ६०,००० सुकन्यात १५ वर्षं भरले तर याच दरानं २१ वर्षांनी २८ लाखांच्या वर होतात. सरासरी दर ७ टक्क्यांवर आला तरी २४ लाख. मात्र हा पैसा मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत किंवा दहावी पास होईपर्यंत हातात येत नाही, आणि तेव्हाही शिक्षणासाठी निम्म्यापर्यंतच. म्हणूनच आत्ता सगळे पाच हजार तिथे नकोत. खातं मात्र लगेच उघडा, कारण १५ आणि २१ वर्षं खातं उघडल्या दिवसापासून मोजली जातात. वर्षाला किमान २५० भरले तरी ते चालू राहतं, म्हणजे एखादं वर्ष ओढाताणीचं गेलं तरी बुडत काही नाही. पैसे पाच तारखेच्या आत भरले तर त्या महिन्याचं व्याज मिळतं. तुमचा पगार सातला होतो, तेव्हा पुढच्या महिन्याचे हजार रुपये आधीच बाजूला काढून ठेवा.

मांडणी मी अशी करेन. घर मिस्टरांच्या ४४,००० त चालू द्या: भाडं, किराणा, बाळ, बिलं, पेट्रोल, गावचे पैसे आणि फोनचा उरलेला हप्ता धरून ४२,००० च्या थोडं वर जातात. वर उरलेले सतराशे-अठराशे मिस्टरांनी आणि तुम्ही हिशेब न देता खर्च करा, बाहेर जेवा, सिनेमाला जा. तुमच्या १८,००० तून पाळणाघराचे ५,००० जातील, ४,००० वर्षाच्या खर्चांसाठी एका वेगळ्या बचत खात्यात, ५,५०० आवर्ती ठेवीत, साधारण ११०० टर्मला, १३०० आरोग्यविम्याला, १,००० सुकन्यात. शंभरेक रुपये उरतात. मिस्टरांचा दिवाळीचा बोनस २०,००० येतो म्हणालात, तो सगळा फंडात. सध्याचे अकरा हजार धरून वर्षात सत्त्याण्णव हजार होतात, आणि त्याच्या पुढच्या दिवाळीनंतर, दुसरा बोनस आला की, १ लाख ४० हजारांच्या आसपास पोचता. या मांडणीचा आणखी एक फायदा आहे. दुसऱ्या बाळामुळे किंवा पाळणाघराच्या अडचणीमुळे तुम्हाला काही महिने घरी बसावं लागलं तरी रोजचं घर थांबत नाही, फक्त बचत थांबते.

आवर्ती ठेव तुमच्या नावावर असू द्या. दोघांच्या सगळ्या खात्यांवर आणि पीएफवर नॉमिनी तपासा. लग्नाआधी उघडलेल्या खात्यांवर बहुधा आई-वडिलांचीच नावं असतात. आणि नोकरी बदलली तर पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. तुमच्या म्हातारपणाची बचत सध्या तिथेच होतेय.

खर्च कुठे कमी करू, असंही विचारलंय. दूध-भाजी, पाळणाघर आणि गावच्या पाच हजारांना हात लावू नका. सासू-सासऱ्यांचे पैसे कमी करायचा विषय निघाला तर मिस्टरांना ते लागेल आणि बाकीची घडीही विस्कटेल. पेट्रोल मात्र बघण्यासारखं आहे. दोघंही अंबडला जाता, पाळ्या जुळत असतील त्या दिवशी एका गाडीवर जाऊन दुसरी घरी ठेवा. वर्षाचे गहू आणि डाळी एप्रिल-मेमध्ये एकदम भरल्या तर महिन्याच्या किराण्यातून बरंच सुटतं. त्यासाठी लागणारी रक्कम त्या वर्षाच्या खर्चांच्या खात्यातून काढा आणि नंतर किराण्यातून दरमहा परत भरा.

फंड पूर्ण झाला की आवर्ती ठेवीचे ५,५०० मोकळे होतील. त्यातले तीन हजार सुकन्यात वाढवा, उरलेल्या अडीच हजारांची इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात) एसआयपी सुरू करा. त्याआधी तुमच्या पगारपत्रकावर ईएसआयची कपात निघाली की नाही, तेवढं मला जरूर कळवा. निघाली, तर फॅमिली फ्लोटरची रक्कम आणि वेळ दोन्ही पुन्हा बघता येतील.