पाऊस बार्शीत, पाणी आपल्या दारात

प्रश्न: दादा, आम्ही सोलापुरात नाल्याकडेला राहतो, पत्र्याचं घर, सासूबाईंचे गुडघे गेलेत. मोबाइलवर सारखा हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट (तयारीत राहा असा इशारा) येतो, विजा, वादळी पाऊस, आणि चार वेळा काहीच होत नाही मग पाचव्यांदा कोण मनावर घेणार? आमचे हे तर रोज बाईकवर मोहोळला जातात. नेमकं काय करून ठेवायचं?
– एक भगिनी, सोलापूर

उत्तर: ताई, अलर्ट अख्ख्या जिल्ह्याला असतो आणि आपला जिल्हा करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत, त्यामुळं बार्शीत धो धो कोसळला तरी तुमच्या अंगणात शिंतोडाही पडणार नाही हे होणारच. ऑरेंज पावसाचा असेल तर २४ तासांत ११५ ते २०४ मिलिमीटर धरतात. म्हणजे आपल्या वर्षभराच्या पावसातला मोठा तुकडा एका दिवसात! आपण दुष्काळाला सरावलेली माणसं, ढग दिसला की खूशच होतो, तिथंच फसतो.

आणि पाणी काय आपल्याच आभाळातनं येत नाही. सीना नदी येते अहिल्यानगरकडनं. सप्टेंबर २०२५ मध्ये बघितलंच की, लांबोटीजवळ पुणे हायवे बंद पडला होता. तोच यांचा रस्ता, तेव्हा वरच्या अंगाला जोरात पाऊस असेल तर निघण्याआधी तिकडच्या कुणाला तरी फोन करून विचारा, आणि रस्त्यावरनं पाणी वाहत असेल तर बाईक घालायचीच नाही, घोट्याच्या वरपर्यंतचं वाहतं पाणीसुद्धा माणसाला पाडतं. उशीर झाला तर झाला, साहेब चिडू दे. शहरात हिप्परगा तलाव भरून सांडला की आदिला नाल्याला पाणी येतं, तेव्हा तलाव किती भरलाय यावर कान ठेवा.

सासूबाईंना पाणी आल्यावर उचलायचं नाही, दिवसाउजेडीच हलवायचं. कुणाच्या घरी जायचं ते आजच विचारून ठेवा. आमच्या एका नातेवाइकाकडं रात्री दोनला पाणी शिरलं, रेशनकार्ड लोखंडी पेटीत होतं म्हणून सगळे निवांत, सकाळी पेटी उघडली तर नुसता पापडाच्या पिठासारखा गोळा. म्हणून कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून, उंचावर. सोबत औषधं, बॅटरी, पिण्याचं पाणी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी (हे आपलं बरं, आठवडाभर हूं का चूं नाही). पत्र्यावरचे दगड काढून पत्रे तारेनं आवळून घ्या, वाऱ्यात तो दगडच डोक्यात पडतो. घर सोडताना मेन स्विच बंद, पण पायाखाली पाणी आलं असेल तर त्याला हात लावू नका. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर बांधून ठेवा, तरंगत जातो. अडकलात तर ११२ किंवा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ फिरवा.

प्रश्न: रानात असताना वीज कडाडली तर लिंबाखाली थांबलं तर चालतं का?
– एक शेतकरी, मोहोळ तालुका

उत्तर: अजिबात नाही. उलट तिथंच धोका. वीज चमकल्यावर आवाजापर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर, तीसच्या आत आवाज आला तर काम टाकून पक्क्या घरात जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप फोनात टाका, लोकेशन चालू ठेवलं की जवळपासची वीज कळते. बैल झाडाखाली बांधायची सवय असेल तर तीही सोडा, तारेच्या कुंपणापासनंही लांब.