मोजून ओतणारी यंत्रे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सोडा, चहा आणि भिंतीचा रंग यांचा एकमेकांशी वरवर काही संबंध दिसत नाही. परंतु गिऱ्हाइकाने सांगितल्याप्रमाणे द्रव मोजून, मिसळून देणाऱ्या यंत्राचा गाभा तिन्ही ठिकाणी सारखाच असतो. अशा यंत्रांच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षे गेली आहेत. यंत्राला चव कळत नाही आणि रंगही कळत नाही, त्याला फक्त माप कळते, हे ध्यानात ठेवले की बहुतेक तक्रारींचे मूळ सापडते. या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी पाच येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे बारा चवींचे सोडा मशीन आहे. सकाळी सोडा उत्तम येतो, पण दुपारी त्याला झणका राहत नाही आणि तो जास्त गोडही लागतो. गॅसचा दाब वाढवला तरी फरक पडला नाही. काय करावे? (दुकानदार, बार्शी)

उत्तर : तुमच्या दोन्ही तक्रारींचे कारण एकच आहे, ते म्हणजे उष्णता. कार्बन डायऑक्साइड थंड पाण्यात चांगला विरघळतो. दाब तेवढाच ठेवला, तर ५ अंश सेल्सियसच्या पाण्यात जितका वायू सामावतो, त्याच्या निम्माही ३० अंशांच्या पाण्यात सामावत नाही. दुपारी गर्दी वाढते, ग्लासामागून ग्लास निघत राहतात, टाकीतले पाणी पुरेसे गार होण्याआधीच बाहेर पडते आणि झणका जातो. अशा वेळी दाब वाढवला, तर नॉझलपाशी फेस तेवढा वाढतो आणि वायू ग्लासात राहण्याऐवजी हवेत निघून जातो.

आता गोडीचे पाहू. बहुतेक लहान यंत्रांत सिरपचे माप वेळेवर ठरते, म्हणजे ठरावीक सेकंदांपुरता व्हॉल्व्ह उघडतो आणि तेवढ्या वेळात जितके वाहील तितके सिरप ग्लासात पडते. साखरेचा दाट पाक तापला की पातळ होतो. साठ टक्के साखरेचा पाक २० अंशांवर जितका दाट असतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी दाट तो ४० अंशांवर असतो. साहजिकच तेवढ्याच सेकंदांत दुपारी जास्त सिरप वाहते. यंत्राने वेळ अचूक पाळलेली असते, पण माप मात्र चुकलेले असते.

उपाय असा की, सिरपचे कॅन कॉम्प्रेसरच्या गरम हवेच्या झोतातून हलवावेत आणि यंत्राच्या मागे व बाजूला हवा खेळायला मोकळी जागा सोडावी. त्यानंतर सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, सोड्याचे पाणी बंद ठेवून, एका ग्लासाचे फक्त सिरप मोजपात्रात तीन वेळा घ्यावे आणि सरासरी काढावी. सिरपचे प्रमाण एकास पाच, म्हणजे एक भाग सिरपला पाच भाग सोडा, असे असेल, तर ३०० मिलिलिटरच्या ग्लासात ५० मिलिलिटर सिरप पडायला हवे. दुपारी ते ६० भरत असेल, तर गिऱ्हाइकाची तक्रार खरी आहे आणि तुमचे सिरपही वाया जात आहे. जिरा मसाल्यासारखे गाळ असलेले सिरप बारीक गाळणीतून गाळल्याशिवाय कॅनमध्ये भरू नये, कारण त्याचे कण व्हॉल्व्हमध्ये अडकले की तो पूर्ण मिटत नाही आणि पुढच्या प्रत्येक ग्लासात थेंब थेंब गळत राहतो. रात्री दुकान बंद करताना नॉझल काढून धुणे मात्र कधीही चुकवू नका; गोड, ओलसर जागी बुरशी आणि यीस्ट फार लवकर वाढतात.

प्रश्न : आमच्या कार्यालयातील चहाच्या यंत्रावर ‘कमी साखर’ असे बटण आहे. मला मधुमेह आहे. त्या बटणावर विसंबून राहावे का? (कर्मचारी, ठाणे)

उत्तर : यंत्राचे झाकण उघडून आत किती डबे आहेत ते पाहिल्याशिवाय विसंबू नये. चहा, दूध आणि साखर यांच्या भुकटीचे डबे वेगवेगळे असतील, तर ते बटण खरोखर साखर कमी करते. परंतु पुष्कळ ठिकाणी चहा, दूध आणि साखर आधीच एकत्र केलेले प्रिमिक्स एकाच डब्यात भरलेले असते. अशा यंत्राला त्यातून साखर वेगळी काढता येत नाही. ते बटण दाबल्यावर फार तर भुकटी कमी आणि पाणी जास्त पडते, म्हणजे चहा पांचट होतो, पण त्यातले साखरेचे प्रमाण चहा आणि दुधाच्या तुलनेत होते तेवढेच राहते. प्रिमिक्सच्या पाकिटावर घटक आणि साखरेचे प्रमाण छापलेले असते, ते वाचावे आणि कार्यालयाकडे बिनसाखरेच्या प्रिमिक्ससाठी वेगळ्या डब्याची मागणी करावी. ही मागणी करण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही. तरीही, दोन्ही पेये घुसळणारे भांडे एकच असेल, तर आधीच्या कपातला थोडा गोडवा तुमच्या कपात येतो, एवढे लक्षात असू द्या.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी यंत्रावर रंग मिसळून घेऊन दिवाणखाना रंगवला. आता एका कोपऱ्यासाठी त्याच कोडचा एक लिटर रंग आणला, तर तो वेगळाच दिसतो. दुकानदाराने फसवले का? (गृहिणी, कोल्हापूर)

उत्तर : फसवणुकीचा संशय घेण्याआधी यंत्र काय करते ते पाहू या. दुकानात हजारो छटांचे डबे साठवलेले नसतात. तेथे मोजके बेस, म्हणजे छटा न मिसळलेले मूळ रंग असतात, आणि यंत्र संगणकातल्या सूत्राप्रमाणे त्यांत दाट कलरंट, म्हणजे छटा देणारे रंगद्रव्य, पंपाने सोडते. मग डबा शेकरमध्ये घुसळला जातो. समजा, तुमच्या छटेला २० लिटरमागे एक कलरंट १० मिलिलिटर लागतो आणि पंपाची चूक ०.१ मिलिलिटरची आहे, तर ती एक टक्का ठरते व डोळ्याला दिसत नाही. एका लिटरला तोच कलरंट अर्धाच मिलिलिटर लागतो, आणि तीच ०.१ मिलिलिटरची चूक तेथे वीस टक्के होते. लहान डब्यात छटा बिघडण्याचा संभव म्हणूनच फार मोठा असतो. त्यात नॉझलच्या तोंडाशी कलरंट सुकलेला असला, किंवा त्यातले रंगकण तळाशी बसलेले असताना तो ढवळला गेला नसला, तर चूक आणखी वाढते.

शिवाय तुमची भिंत दोन वर्षे ऊन, धूर आणि धूळ सोसून बदललेली आहे. यंत्राने अगदी अचूक मूळ छटा दिली, तरी ती शेजारी नवी दिसणारच. म्हणून ठिगळ लावल्यासारखा कोपरा न रंगवता, एका कोनापासून दुसऱ्या कोनापर्यंत ती संपूर्ण भिंत रंगवून घ्यावी. भिंतीच्या कोनात प्रकाश आपोआप बदलतो, त्यामुळे छटेतला बारीक फरक खपून जातो. पुढच्या वेळी लागणारे सगळे डबे एकदम घ्या आणि पेंटरला ते एकाच मोठ्या बादलीत एकत्र करायला सांगा. जुने पेंटर हे न सांगता करतात. नव्यांना मात्र आवर्जून सांगावे लागते.

प्रश्न : अमेरिकेत मुलाकडे गेलो असता एकाच यंत्रातून शंभराहून अधिक पेये मिळताना पाहिली. एवढ्या टाक्या आत मावतात कशा? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : तुम्ही पाहिलेले यंत्र बहुधा कोका-कोलाचे फ्रीस्टाइल असावे, ते २००९ मध्ये आले. त्यात प्रत्येक पेयाची स्वतंत्र टाकी नसते. अतिशय तीव्र अर्काच्या छोट्या कार्ट्रिज असतात, आणि त्यांतले काही थेंब सोडा व गोडव्यात मिसळून पेय तयार होते. इतके सूक्ष्म माप घेण्याचे तंत्र औषधांचे अचूक डोस देणाऱ्या वैद्यकीय उपकरणांतून आलेले आहे.

प्रश्न : सोडा मशीनची प्लास्टिकची नळी खराब झाली, म्हणून प्लंबरने तांब्याची बसवली. तांब्याच्या भांड्यातले पाणी चांगले असते, तर हेही चांगलेच ना? (दुकानदार, चिपळूण)

उत्तर : नाही, हे मुळीच चांगले नाही. साधे पाणी आणि सोडा यांत मोठा फरक आहे. वायू विरघळला की पाण्यात कार्बोनिक आम्ल तयार होते, त्याचा पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा (जितका कमी तितके आम्ल जास्त), ४ च्या आसपास येतो, आणि असे आम्लधर्मी पाणी नळीतले तांबे विरघळवते. ते पोटात गेल्यास मळमळ, उलटी आणि पोटदुखी होते. रात्रभर नळीत साचून राहिलेल्या पाण्यात तांबे सर्वांत जास्त असते, त्यामुळे सकाळचे पहिले गिऱ्हाईक सर्वांत जास्त धोक्यात असते. सोडा जेथे तयार होतो तेथून नॉझलपर्यंतची नळी स्टेनलेस स्टीलची किंवा खाद्यपदार्थांसाठी बनवलेल्या प्लास्टिकचीच हवी. मशीनला पाणी पुरवणारी नळी तांब्याची असली, तर सोडा उलटा तिच्यात शिरू नये म्हणून चांगला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या. नळी बदलेपर्यंत कृपया त्या मशीनमधून एकही ग्लास विकू नका.