हॅम्बर्गर अमेरिकेच्या रोजच्या खाण्यात इतका कसा रुजला?

हॅम्बुर्ग या जर्मन शहराचे नाव लावणारा हा पदार्थ अमेरिकेत रुजला, याचे मोठे श्रेय माझ्या मते स्वच्छतेविषयी निर्माण केलेल्या विश्वासाला आहे. १९०६ साली शिकागोच्या मांस-कारखान्यांतील घाण उघड झाल्यानंतर लोक खिम्याकडे संशयाने पाहत होते. अशा वेळी १९२१ मध्ये कॅन्सस राज्यातील विचिटा येथे सुरू झालेल्या ‘व्हाइट कॅसल’ने पांढऱ्याशुभ्र दुकानात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत गोमांसाचा खिमा भाजून अवघ्या ५ सेंटांत बर्गर विकला. पुढे १९४८ मध्ये कॅलिफोर्निया राज्यातील सॅन बर्नार्डिनोच्या मॅकडॉनल्ड बंधूंनी आपल्या उपाहारगृहात मोजकेच पदार्थ ठेवून स्वयंपाकघरात कारखान्यासारखी कामाची विभागणी केली आणि १५ सेंटांचा बर्गर झटपट हाती पडू लागला. मोटारीतून हिंडणाऱ्या कुटुंबांना ताट-चमच्याविना खाता येणारा हा पदार्थ फारच सोयीचा ठरला.