आतड्याला सूज असताना काय खावं, जन्मभर पेज आणि टोस्टच का?

ताई, तुमच्या मिस्टरांना अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा होण्याचा आजार निघालंय आणि घरात सगळे म्हणतायत की आता जन्मभर मऊ भात न टोस्ट, भाजी-भाकरी बंद, हे वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण हेच मी दोन वर्षं केलंय.

मला हे निघालं तेव्हा दिवसातून दहा-बारा वेळा संडासला जावं लागायचं, रक्त पडायचं. तेव्हा पेज, गुरगुट्या भात, मुगाचं कढण हे बरोबरच होतं, आत जखमा असताना कोंडा, बिया, कच्ची कोशिंबीर सोसत नाही. चूक पुढे झाली. औषधाने रक्त थांबलं तरी मी भीतीपोटी तेच खात राहिलो, सकाळी चहाबरोबर बिस्किटं, दुपारी पांढरा भात, संध्याकाळी टोस्ट-बटर. भाकरीला हात लावला की आई ताट ओढून घ्यायची. आणि एवढं करून दर चार-पाच महिन्यांनी दुखणं उलटायचंच.

मग एका आहारतज्ज्ञ मॅडमनी नीट समजावलं. मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन म्हणजे ब्युटिरेट, ते भाजी-भाकरी-डाळीतला न पचलेला चोथा (फायबर) आतले जंतू आंबवतात तेव्हा तयार होतं, आणि सूज आवरणाऱ्या पेशींनाही त्याचाच आधार असतो. मग चोथाच दिला नाही तर जंतू खाणार काय? २०१६ साली उंदरांवरचा एक अभ्यास आला, त्यात चोथा बंद केल्यावर जंतूंनी आतड्याचा आतला चिकट थरच खायला घेतला, तो पातळ झाला आणि रोगजंतू थेट भिंतीपर्यंत पोचले. हे ऐकून मला माझ्या बिस्किटांची दोन वर्षं आठवली.

माणसांवरही झालंय. २०१५ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे २० कृष्णवर्णीय आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातले २० लोक, सगळे निरोगी, यांनी दोन आठवडे एकमेकांचा आहार घेतला. अमेरिकनांना रोज ५५ ग्रॅमच्या आसपास चोथा आणि कमी फॅट मिळालं, त्यांचं ब्युटिरेट अडीचपट झालं आणि आतड्याच्या अस्तरातली सूज उतरली. आफ्रिकन लोकांना बर्गर-फ्राइज छाप खाणं दिलं तर बरोबर उलटं झालं. फक्त चौदा दिवसांत!

आता पाकिटातल्या खाण्याचं. आईस्क्रीम, क्रीमवाला केक यांच्या पाकिटामागे बारीक अक्षरात ४६६ किंवा ४३३ नंबर दिसतात का बघा, हे पदार्थ एकजीव ठेवणारे इमल्सिफायर. उंदरांमध्ये यांच्यामुळे जंतू चिकट थरात घुसतात असं दिसलंय. माणसांवरचा पुरावा अजून थोडा आहे, पण मी तरी ते बंद केलं आणि घरात कुणाला त्याची उणीव भासली नाही.

हळदीच्या दुधाचा सल्ला तर सगळेच देतील. ज्या अभ्यासात फायदा दिसला त्यात औषधं चालू ठेवून वर रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, दिलं होतं, हळदीत ते साधारण तीन टक्के असतं, म्हणजे रोज शंभर ग्रॅम हळद झाली. दूध सोसत असेल तर आवडीने प्या, पण त्याच्या भरवशावर गोळी सोडू नका. मी बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्या होत्या, दोन महिन्यांत पुन्हा रक्त आणि थेट स्टिरॉइड.

भाकरीकडे परत यायला मला तीन महिने लागले. आधी साल काढून शिजवलेला दुधी आणि लाल भोपळा, मग ज्वारीची आंबील, मग एक दिवस चतकोर भाकरी ताकात कुस्करून आईनेच समोर ठेवली. त्या रात्री भीतीने झोप लागली नाही, सकाळी पोट अगदी शांत होतं. एका वेळी एकच नवा पदार्थ, तो चार दिवस सोसला की पुढचा, आणि वहीत लिहून ठेवायचं.

तुमच्याकडे सुरुवात करायच्या आधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. आतडं कुठे अरुंद झालंय का, कारण तसं असेल तर चोथा अडकू शकतो, क्रोन्स, म्हणजे आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार असलेल्यांनी तर हे विचारायलाच हवं. आणि शौचाची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट (आतड्याला सूज असली की शौचात वाढणारं एक प्रथिन मोजतात), आत्ता एकदा आणि तीन महिन्यांनी परत, म्हणजे सूज खरंच उतरतेय की नुसतं बरं वाटतंय ते आकड्यात दिसेल.