जुन्या वस्तूंच्या कार्यक्रमात टीव्हीवर दिसायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की इतिहासाची पदवी आहे, चार लोकांसमोर बोलायला आवडतं, ब्रिटिश वाहिन्यांवरचे अँटिक वस्तूंचे कार्यक्रम पाहून तेच करावंसं वाटतंय. तर मीडियाचा कोर्स करू का? मी टीव्हीत नाही, लिलावसंस्थेत कॅटलॉगचं काम करते. पण त्या कार्यक्रमांतले बरेच चेहरे आमच्याच धंद्यातून तिकडे गेलेत, म्हणून सांगते: मीडियाचा कोर्स तूर्तास राहू द्या.

आधी एक घोळ निस्तरू. पडद्यावर दोन प्रकारची माणसं असतात आणि त्यांचे रस्ते पूर्ण वेगळे असतात. बीबीसीचा 'अँटिक्स रोडशो' १९७९ पासून चालू आहे. त्याचे सूत्रसंचालक बघा: ह्यू स्कली, मग मायकेल ॲस्पेल, २००८ पासून फियोना ब्रूस. तिघंही पत्रकारिता-निवेदनातून आलेले. समोरची बशी कुठल्या कारखान्यातली हे त्यांना कळलं नाही तरी कार्यक्रमाचं काही अडत नाही. ती जागा हवी असेल तर बातम्यांच्या दुनियेत शिरा. जुन्या वस्तूंशी तिचा संबंध योगायोगाचाच. तुमच्या प्रश्नावरून मला वाटतं, तुम्हाला टेबलापलीकडचा माणूस व्हायचंय, वस्तू हातात घेऊन बोलणारा.

तो माणूस टीव्हीवर उशिरा येतो. आर्थर नेगस १९०३ सालचे, ग्लॉस्टरच्या एका लिलावसंस्थेत मुरलेले; जुन्या वस्तूंचा टीव्ही कार्यक्रम 'गोइंग फॉर अ साँग' १९६५ मध्ये सुरू झाला तेव्हा साठी ओलांडलेली. डेव्हिड डिकिन्सन आधी अँटिकचे व्यापारी, 'बार्गेन हंट' मिळालं २००० साली, साठीच्या उंबरठ्यावर. त्यांच्यानंतर आलेले टिम वोनाकॉट सदबीज या मोठ्या लिलावसंस्थेत मुरलेले. 'सॅल्व्हेज हंटर्स'चे ड्रू प्रिचर्ड रंगीत काचांच्या खिडक्या दुरुस्त करणारे कारागीर.

माझे लाडके मात्र हेन्री सँडन. वुस्टरच्या कॅथेड्रलमध्ये गायला आले, तिथे घराच्या बागेत जुन्या भांड्यांचे तुकडे सापडले, त्या नादात शेवटी वुस्टर पोर्सेलीनच्या संग्रहालयाचे क्युरेटर झाले. १९९० मध्ये रोडशोत, नॉर्दम्प्टनला, त्यांच्यासमोर घुबडाच्या आकाराचं, स्टॅफर्डशायरचं स्लिपवेअर (पातळ मातीच्या लेपाने सजवलेलं) पेयाचं भांडं आलं. त्यांनी सांगितलेली किंमत वीस हजार पौंडांच्या घरातली होती, पण लोकांच्या लक्षात राहिला तो त्यांचा आनंद. घुबडाला लगेच 'ओझी' असं नाव पडलं आणि आज ते स्टोक-ऑन-ट्रेंटच्या संग्रहालयात आहे. असा आनंद कॅमेऱ्यासाठी आणता येत नाही. असली घुबडं किती दुर्मीळ हे आधीपासून ठाऊक असेल तरच तो होतो.

म्हणून आधी हात तयार करा. जुनं लाकडी कपाट आलं की नवखा माणूस दर्शनी नक्षी बघतो. आमच्याकडचे जाणते आधी खण बाहेर ओढतात आणि उलटा करतात. कोपऱ्यावरचे सांधे हाताने कापलेले असतील तर दाते थोडे कमीजास्त असतात, यंत्राचे सगळे सारखे. तळाच्या फळीवर करवतीच्या खुणा सरळ आहेत की गोलाकार? गोलाकार असतील तर ती फळी चक्राकार करवतीवर कापलेली, आणि मग 'अठराव्या शतकातलं' म्हणणाऱ्याकडे जरा निरखून पाहावं लागतं. खण वर्षानुवर्षं जिथे घासला तिथेच झीज हवी. बाहेरून गुळगुळीत आणि आत कोरं असेल तर काहीतरी जोडकाम आहे. हे पुस्तकात वाचता येतं, पण नजरेत बसायला शेकडो खण उपसावे लागतात.

टीव्हीचं कसब यापुढचं. रोडशोमध्ये वस्तू आधी तपासली जाते, संदर्भ बघायला वेळ मिळतो, पण किंमत मालकाला चित्रीकरणाआधी सांगत नाहीत. चेहऱ्यावरचं आश्चर्य खरं असतं ते त्यामुळे. आणि आलेल्यांपैकी फार थोडे कॅमेऱ्यासमोर जातात. बाकीच्यांना 'आजीची ही फुलदाणी भावनेने मोलाची आहे' हे न दुखावता सांगणं, दिवसभर, रांग संपेपर्यंत, हेच खरं काम. ते जमत नसेल तर वक्तृत्वाची बक्षिसं कामाची नाहीत.

किंमत म्हणजे कुठली, हेही स्वच्छ सांगता यायला हवं. दुकानातली वेगळी, लिलावातली वेगळी, विम्याची त्याहून वेगळी. 'बार्गेन हंट'मधले गट बाजारातून दुकानदाराच्या भावाने घेतात आणि लिलावात विकतात, तिथेच त्यांचा तोटा अर्धा ठरलेला असतो.

या क्षेत्रात भांडवल एकच, विश्वास. अमेरिकन रोडशो सुरू झाला त्याच वर्षी, १९९७ मध्ये, एक गृहस्थ तलवार घेऊन आले. म्हणे माळ्यावर सापडली, लहानपणी तिने कलिंगडं कापायचो. तज्ज्ञाने ती यादवी युद्धातली, पस्तीस हजार डॉलरची ठरवली. पुढे उघड झालं की तो सगळा प्रसंग आधीच ठरवून केला होता. असल्या प्रसिद्धीवर मिळवलेल्या विश्वासाचा वापर करून त्या तज्ज्ञाने इतर मालकांना फसवलं होतं. शेवटी प्रकरण तुरुंगवासापर्यंत गेलं. उलट उदाहरण बीबीसीच्या रोडशोमधले तज्ज्ञ रॉनी आर्चर-मॉर्गन यांचं. २०२४ मध्ये गुलामांच्या व्यापाराशी जोडलेली हस्तिदंती वस्तू समोर आली, त्यांनी तिचा इतिहास सांगितला आणि किंमत करायला नकार दिला. किंमत ऐकायलाच लोक ज्या कार्यक्रमाला येतात तिथे हे करायला वजन लागतं.

पैशांचं थोडक्यात: टीव्हीवर महिन्याचा पगार गृहीत धरू नका. बहुतेक तज्ज्ञ फ्रीलान्स, घर चालतं ते लिलावाच्या कमिशनवर, दुकानावर, व्याख्यानांवर. टीव्हीमुळे गिऱ्हाईक दारात येतं, हा मोठा फायदा.

आता तुमच्यासाठी. एकच विषय धरा: घड्याळं, चांदी, नकाशे, खेळणी, काहीही, पण अरुंद. लिलावाआधी वस्तू पाहायला ठेवतात त्या दिवशी जा. तिथे विचारून वस्तू हाताळता येतात, संग्रहालयासारखी मध्ये काच नसते. आणि नोकरी मागायची तर लिलावसंस्थेत पोर्टरची मागा. पोर्टर म्हणजे सामान हलवणारा, मांडणारा, बोली चालू असताना वस्तू उचलून दाखवणारा. पगार बेताचा, पाठ दुखते, पण आठवड्याला जितक्या वस्तू हाताखालून जातात तितक्या कुठल्याही वर्गात जात नाहीत. पदवी असताना ओझी काय उचलायची, असं घरचे म्हणतील. म्हणू द्या.