पाहुण्यांच्या पासपोर्टचे फोटो कोणाकोणाकडे राहतात?

प्रश्न : मी कळंगुट येथील एका लहान गेस्ट हाऊसच्या स्वागतकक्षात काम करतो. प्रत्येक पाहुण्याच्या आधार कार्डाचा किंवा पासपोर्टचा फोटो आपल्या मोबाइलवर काढून तो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, अशी आमच्याकडे पद्धत आहे. ग्रुपवर मालक, व्यवस्थापक, हिशेबनीस आणि मागच्या हंगामात काम सोडून गेलेली मुलेही आहेत. मी हा विषय काढला, तेव्हा माहिती संरक्षणाचा कायदा अजून लागूच झालेला नाही, असे मालकांनी सांगितले. मी काय करावे? — एक वाचक, बार्देश

उत्तर : आपल्या मालकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला, त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि आस्थापनांवर प्रत्यक्ष जबाबदारी टाकणाऱ्या मुख्य तरतुदींसाठी तेथून अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. याचा अर्थ तोवर मोकळे रान आहे असा नव्हे. करारानुसार सेवा देताना हाती आलेली व्यक्तिगत माहिती, समोरच्याचे नुकसान होऊ शकते हे ठाऊक असूनही, त्याच्या संमतीविना उघड करणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७२अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नव्या कायद्यात सुरक्षेचे वाजवी उपाय न योजल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. तो आकडा लहान गेस्ट हाऊसला कधी लागेल असे मला वाटत नाही, त्यामुळे त्याची भीती घालून मालकांचे मन वळवू नये.

खरी अडचण ग्रुपची आहे. ज्याच्या मोबाइलवर फोटो आपोआप उतरवून घेण्याची सोय चालू असते, त्याच्या गॅलरीत पासपोर्ट जाऊन बसतो आणि गॅलरीची प्रत गूगलवर ठेवली जात असेल तर तेथेही पोचतो. पाऊस सुरू झाला की हंगामी मुले आपापल्या गावी जातात आणि त्यांच्या मोबाइलबरोबर शेकडो अनोळखी माणसांची ओळखपत्रेही जातात. मुलाला ग्रुपमधून काढले तर नवे फोटो थांबतात, जुने त्याच्याकडेच राहतात. ती मुले लबाड आहेत असे मी म्हणत नाही. पण मोबाइल हरवतो, विकला जातो, धाकट्या भावाला दिला जातो.

परदेशी पाहुण्याची नोंद चोवीस तासांच्या आत ऑनलाइन करणे बंधनकारक आहे, हे आपणास माहीत असेलच. ही नोंद कार्यालयातील संगणकावरून, पासपोर्ट समोर ठेवून किंवा स्कॅन करून करता येते. त्यासाठी तो कोणाच्या मोबाइलवर असण्याची काहीच गरज नाही. भारतीय पाहुण्याकडून वाहन परवाना घ्यावा, किंवा ज्यात बारापैकी केवळ शेवटचे चार अंक दिसतात ते मास्क्ड आधार स्वीकारावे. कागदी झेरॉक्सबद्दलही एक सांगतो : काउंटरवर टॅक्सीचा नंबर किंवा लाँड्रीचे कपडे टिपायला जे पाठकोरे कागद ठेवलेले असतात, ते एकदा उलटून पाहा. बऱ्याच ठिकाणी त्यांच्या दुसऱ्या बाजूला कोणाचा तरी चेहरा आणि पत्ता सापडतो.

मालकांपुढे कायदा नव्हे, सोय मांडावी. पासवर्ड असलेल्या एकाच संगणकावर एक फोल्डर असावे, ते दोघांनाच उघडता यावे, आणि नोंदीची गरज व कायद्याने सांगितलेली मुदत संपली की त्यातील प्रती नष्ट कराव्यात, अशी सूचना लेखी द्यावी व तिची प्रत आपल्याकडे ठेवावी. मात्र पुरावा म्हणून ग्रुपवरील ओळखपत्रांचे स्क्रीनशॉट काढून घरी नेऊ नयेत, कारण तसे केल्यास ज्या गोष्टीची आपण तक्रार करीत आहात तीच आपल्या हातून घडेल. कोणाच्या कागदपत्रांचा वापर करून पैशांची फसवणूक झाल्याचे कळले, तर त्या पाहुण्याला तत्काळ कळवावे आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करण्यास सांगावे.

प्रश्न : रजेसाठी दिलेले माझे वैद्यकीय प्रमाणपत्र विभागप्रमुखांनी सर्व सहकाऱ्यांना ईमेलने पाठवले. कंपनीला माझी माहिती वापरण्याचा अधिकार आहे, असे ते म्हणतात. — एक वाचक, फोंडा

उत्तर : रजा मंजूर करण्यासाठी प्रमाणपत्र पाहण्याचा अधिकार कंपनीला आहे, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला आपला आजार कळवणे हे त्या कामात येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांनी आरोग्यविषयक माहितीला बँक खाते आणि पासवर्ड यांच्या बरोबरीने संवेदनशील ठरवले आहे, आणि त्याच नियमांनुसार कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून एका महिन्यात तक्रारीचा निकाल लावायचा असतो. प्रथम त्याच अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा आणि तो ईमेल पुसून न टाकता जपून ठेवावा.