शेजारच्याची वाफ, आकडा कोणाचा?

प्रश्न : ताई नमस्कार, आमचं एमआयडीसीत छोटं प्रोसेस हाऊस आहे, कापड डाईंगचं. बाजूला सल्फ्युरिक अ‍ॅसिडचा प्लांट आहे, त्यांच्याकडे वाफ जास्त होते म्हणून मागच्या वर्षी आम्ही पाइप टाकून ती घ्यायला लागलो आणि आमचा कोळशाचा बॉयलर बंद केला. आता आमचा बायर विचारतो की यातून पर्यावरणाचा फायदा किती ते आकड्यात द्या. मीटरवर महिन्याला 600 टन वाफ दिसते. कसं मोजायचं? नाव छापू नका प्लीज.

उत्तर : नाव नाही छापत, काळजी नको. आधी ढोबळ हिशोब करू. कोळसा किलोला 4500 किलोकॅलरीचा आणि बॉयलरची एफिशियन्सी 70 टक्के धरली तर 1 टन वाफेला साधारण 190 किलो कोळसा लागतो, म्हणजे तुमच्या 600 टनाला 114 टन. असा कोळसा 1 टन जाळला की पावणेदोन टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, म्हणजे महिन्याला जवळपास 200 टन. पण हे माझे आकडे झाले, तुमच्याकडे जुनी कोळशाची बिलं असतीलच ना, ती काढा, तीच खरी.

आता थांबा, हा आकडा लगेच बायरला पाठवू नका. खरा प्रश्न असा की तुम्ही वाफ घेतली नसती तर तिचं काय झालं असतं? अ‍ॅसिड प्लांटमध्ये सल्फर जाळताना उष्णता आपोआप निघते, त्यावरच वाफ होते, ती नुसतीच वर सोडून देत असतील तर तुमचे 200 टन जवळजवळ पूर्ण खरे. पण बऱ्याच अ‍ॅसिड प्लांटवाल्यांकडे टर्बाइन असतं, त्या वाफेवर ते वीज करतात. तुम्हाला वाफ दिली म्हणून त्यांची वीज कमी झाली आणि तेवढी त्यांनी ग्रिडमधून घेतली तर ती वजा करावी लागणार, ग्रिडच्या वीजेला युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. आणि तुमच्यासाठी म्हणून त्यांनी वेगळा कोळशाचा बॉयलर चालवला असेल तर मग फायदा कसला, धुराडं फक्त कंपाउंडच्या पलीकडे गेलं! हे शेजाऱ्याला स्पष्ट विचारा, लाजू नका, त्यांच्या टर्बाइनची आधीची आणि नंतरची युनिटं मागून घ्या.

उलट तुमचा जुना बॉयलर बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या ब्रिकेटवर असता तर कार्बन बचतीचा आकडा एकदम खाली आला असता, कितीही टन वाफ घेतली तरी.

शेजारी कारखाने एकमेकांचं टाकाऊ वापरतात याचं उदाहरण म्हणून सगळे डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्ग गावाचं नाव घेतात, तिथल्या वीज केंद्राच्या धुरातून सल्फर काढताना जिप्सम निघायचं आणि ते शेजारच्या प्लास्टरबोर्ड कारखान्यात जायचं. फायदा होताच, पण तो कोळशावर टेकलेला. ते केंद्र पुढे लाकडाच्या चिप्सवर गेलं, मग जुनाच हिशोब कसा चालवणार? म्हणून तुम्हीही दरवर्षी नव्याने मोजा, एकदाचा आकडा पाच वर्षं फिरवत बसू नका.

मीटर तुमच्या टोकाला आहे की त्यांच्या? त्यांच्या टोकाला असेल तर पाइपात थंड होऊन पाणी झालेली वाफही तुम्ही फायद्यात धरताय. कंडेन्सेट, म्हणजे वापरून झालेल्या वाफेचं पाणी, परत पाठवत असाल तर ते पाणी वेगळं लिहा, कार्बनमध्ये मिसळू नका. राख आणि कोळशाच्या ट्रकच्या फेऱ्या कमी झाल्या त्याही वेगळ्या लिहा, आजूबाजूच्या लोकांना तेच जास्त जाणवतं खरं तर.

शेवटचं म्हणजे हेच 200 टन शेजारी पण आपल्या रिपोर्टात टाकत असेल. दोघांनी पूर्ण पूर्ण घेतले की कागदावर 400 होतात, हवेत 200च. कोणी किती दाखवायचे ते एका पत्रावर सही करून ठरवा, अर्धे-अर्धे घेतले तरी चालेल. आणि मीटरचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं ते बघून ठेवा, बायरचा ऑडिटर पहिलं तेच विचारेल.